थरथरणारं मशीन शांत कसं करायचं: आधी फ्रिक्वेन्सी मोजा, मग पाना उचला (आणि वस्तू पाण्यात असेल तर पाण्यातच मोजा)

मशीन थरथरायला लागलं की सगळ्यात आधी धावत येतो तो वेल्डर. इकडून एक अँगल मार, तिकडून एक गसेट ठोक, खाली जाड प्लेट टाक, झालं काम. कधीकधी खरंच थांबतं, म्हणून तर ही सवय जात नाही, पण बऱ्याचदा थरथर तिथेच राहते किंवा शेजारच्या पाईपात जाऊन बसते, किंवा आधी फुल स्पीडला व्हायची ती आता पाऊण स्पीडलाच व्हायला लागते आणि मग अजून एक अँगल. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. मी स्वतः हे भरपूर केलंय म्हणून सांगतोय, काय उपाय करायचा हे ठरवायच्या आधी एकच आकडा हातात हवा, ती वस्तू मोकळी सोडली तर स्वतःहून किती हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती वेळा, हलते. आणि वस्तू पाण्यात राहणार असेल तर तो आकडा पाण्यातला हवा, वर्कशॉपमधला नाही.

लवचिक म्हणजे इथे रबरच असं नाही हं. लांब पातळ रोबोट आर्म, उभा पंप आणि त्याच्या डोक्यावरची मोटर, क्रेनच्या दोराला लटकलेला माल, पाण्यात सोडलेला सेन्सरचा पाईप, केबल, थ्रीडी प्रिंटरची गॅन्ट्री, सगळं लवचिकच. स्टीलचं आहे म्हणून हलणार नाही हा गैरसमज पहिल्यांदा काढून टाका.

आधी साध्या गोष्टी, लाज न वाटू देता

नट-बोल्ट बघा. हसू नका. पायाखाली गॅप आहे का बघा, मोटरच्या चार पायांपैकी एक अधांतरी असतो आणि बोल्ट आवळून आपण बॉडीच वाकवून ठेवलेली असते, त्याला सॉफ्ट फूट म्हणतात. मशीन बंद करून लॉक करा, पायाजवळ डायल गेज लावा आणि एकेक बोल्ट सैल करून बघा, सुई उडाली तर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला, संपलं. मग कपलिंगचं अलाइनमेंट. मग बॅलन्सिंग. बॅलन्सिंगबद्दल लोक म्हणतात दहा ग्रॅमने काय होतंय, तर हिशोब करा: २०० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम जास्त आणि स्पीड ३००० आरपीएम, तर फोर्स जवळपास २०० न्यूटन येतो, म्हणजे २० किलोचं वजन सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे ओढतंय. स्पीड निम्मा केला की फोर्स पाव होतो, वर्गाने बदलतो तो.

आता मुख्य प्रश्न, हे साधं ढकलणं आहे की रेझोनन्स? स्पीड थोडा बदलून बघा, व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) असेल तर फारच सोपं, नसेल तर स्विच बंद करून मशीन थांबेपर्यंत रीडिंग घेत राहा. स्पीड उतरेल तशी थरथर हळूहळू शिस्तीत कमी झाली तर बॅलन्सचा भाग जास्त. पण एखाद्या ठरावीक स्पीडलाच अंगात आल्यासारखं हललं आणि त्याच्या थोडं पुढेमागे शांत झालं तर तिथे नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे वर म्हटलेला तो आकडा, बसलेली आहे आणि हाच रेझोनन्स. झोक्याला योग्य वेळी बोटाने ढकललं तरी तो वर जातो आणि चुकीच्या वेळी दोन्ही हातांनी ढकललं तरी जात नाही, तेच इथे.

तिसरा एक प्रकार असतो ज्यात बाहेरून ठेका कुणीच देत नाही, वस्तूच्या हलण्यानेच तिला हलवणारा फोर्स तयार होतो. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, कारण पूल आडवा किंचित हलायचा, लोक तोल सावरायला त्याच ठेक्यात पाय टाकायचे, त्याने पूल अजून हलायचा. तिथे ३७ व्हिस्कस डॅम्पर आणि ५० हून अधिक ट्यून्ड मास डॅम्पर (डॅम्पर म्हणजे हलणं शोषणारं साधन) बसवून २००२ मध्ये तो परत उघडला. अशा ठिकाणी फ्रिक्वेन्सी इकडची तिकडे करून भागत नाही, डॅम्पिंगच, म्हणजे हलण्यातली एनर्जी खाऊन टाकणं, वाढवावं लागतं.

आकडा कसा मोजायचा

मशीन बंद करा. रबरी हातोडीने किंवा लाकडाच्या ठोकळ्याने एक टोला द्या आणि वस्तू कशी हलत हलत शांत होते ते रेकॉर्ड करा. महागडा ॲनलायझर असेल तर उत्तम, नसेल तर फोनमधला ॲक्सेलरोमीटर सुरुवातीला पुरतो, आखेनच्या युनिव्हर्सिटीने बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, ते थेट स्पेक्ट्रम काढून देतं. फक्त फोन सेकंदाला काहीशेच रीडिंग घेतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वर तो जे दाखवेल त्यावर डोळे झाकून विश्वास नको, वरची फ्रिक्वेन्सी खालची असल्याचं सोंग घेऊन येते. आणि फोन चिकटपट्टीने घट्ट बांधा. नुसता ठेवलात तर फोन स्वतःच उड्या मारतो आणि तुम्ही फोनची फ्रिक्वेन्सी मोजून घरी जाता. वस्तू अगदी हलकी असेल, म्हणजे पातळ पट्टी वगैरे, तर फोनच्या वजनानेच आकडा खाली येतो, तिथे फोन वस्तूवर न बांधता समोर स्टँडवर ठेवून स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि फ्रेम मोजा.

त्याच रेकॉर्डिंगमधून डॅम्पिंगही मिळतं. हलणं निम्म्यावर यायला किती फेरे लागले ते मोजा आणि ०.११ ला त्या संख्येने भागा. ११ फेरे लागले तर डॅम्पिंग रेशो ०.०१ म्हणजे १ टक्का. वेल्ड केलेल्या नुसत्या स्टीलच्या फ्रेमला बरेचदा अर्धा टक्काही नसतो, म्हणजे वीस-पंचवीस फेऱ्यांनंतरही ती निम्मीच दमलेली असते. बोल्टचे जोड असले की जरा बरं, कारण जोडात घासून एनर्जी जाते. हा आकडा महत्त्वाचा का, तर रेझोनन्सला हलणं किती पटीने वाढणार हे तोच सांगतो, एक भागिले दोन गुणिले डॅम्पिंग रेशो. १ टक्का डॅम्पिंग म्हणजे ५० पट. ५ टक्के म्हणजे १० पट. लोखंड न वाढवता थरथर पाचवा हिस्सा झाली की नाही?

मोजायला काहीच नसेल तर एक जुना अंदाज आहे, स्प्रिंगसारख्या आधारावर एखादी वस्तू स्वतःच्या वजनाने किती मिलिमीटर दबते ते बघा आणि १६ ला त्याच्या वर्गमुळाने भागा. १ मिमी दबली तर १६ हर्ट्झ, ४ मिमी तर ८, १६ मिमी तर ४. खिशात ठेवण्यासारखा हिशोब आहे हा.

पट्टी आणि बादली

पाण्याचं काय होतं हे कळायला एक प्रयोग करा, खरंच करा, वाचून सोडू नका. ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी घ्या, साधारण १ मिमी जाड आणि २५ मिमी रुंद. एक टोक लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये क्लॅम्पने घट्ट आवळा आणि २५ सेंटीमीटर खाली मोकळी लोंबू द्या. टोक बोटाने ओढून सोडा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. साधारण १८ फ्रेममध्ये एक फेरा होईल, म्हणजे १३ हर्ट्झच्या आसपास. क्लॅम्प ढिला असेल तर कमी येईल, तेही एक शिक्षणच. आता तीच पट्टी, तोच क्लॅम्प, बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवा आणि परत सोडा. आता एका फेऱ्याला ३४-३५ फ्रेम लागतील. १३ चे ७ हर्ट्झ झाले. पट्टी तीच, क्लॅम्प तोच, स्टिफनेस (ताठपणा) तसूभर बदललेला नाही.

झालं काय तर पट्टीला हलताना सोबत पाणीही हलवावं लागतं. पातळ पट्टीसाठी हे पाणी म्हणजे पट्टीच्या रुंदीएवढा व्यास असलेल्या गोल दांड्याइतकं धरायचं. २५ मिमी व्यासाचा पाण्याचा दांडा मीटरला जवळपास अर्धा किलो भरतो आणि पट्टी स्वतः मीटरला २०० ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे पट्टीने स्वतःच्या अडीच पट वजनाचं ओझं पाठीवर घेतलं. याला ॲडेड मास म्हणतात. गोल पाईपसाठी तो पाईपने बाजूला सारलेल्या पाण्याइतका असतो, आणि पाईप आतून भरला असेल तर आतलं पाणी वेगळं मोजायचं. हवेतही हे होतं पण हवा इतकी हलकी की कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट त्याच व्हिडिओत दिसेल, पाण्यात पट्टी खूप लवकर शांत होते. म्हणून लोक म्हणतात पाणी आहे ना, आपोआप डॅम्प होईल. होतं, पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मोठं हलणं पटकन मरतं आणि बारीक थरथर मात्र बराच वेळ रेंगाळते. शिवाय पाणी स्थिर असेल तोवरच ही कृपा. पाणी वाहायला लागलं की तेच पाणी हलवायला लागतं.

पाईपाची गोष्ट

आमच्याकडे एकदा प्रवाहात सेन्सर सोडायचा होता. ४८ मिमी बाहेरच्या व्यासाचा स्टेनलेसचा पाईप, भिंत साधारण पावणेचार मिमी, वर प्लॅटफॉर्मला क्लॅम्प आणि खाली अडीच मीटर पाण्यात. टोकाचा सेन्सर एवढासाच होता म्हणून तो हिशोबातून सोडून देऊ. वर्कशॉपमध्ये टोला मारून मोजलं, ७ हर्ट्झ. हिशोबही तेवढाच येत होता म्हणून सगळे खूश.

प्रवाहात गोल वस्तू उभी केली की तिच्या मागे एकदा डावीकडून एकदा उजवीकडून भोवरे सुटतात, आणि भोवरे किती हर्ट्झला सुटणार हे काढायला प्रवाहाच्या वेगाला ०.२ ने गुणायचं आणि व्यासाने भागायचं. तर ७ हर्ट्झला भोवरे सुटायला पाणी सेकंदाला १.७ मीटर वाहायला हवं. तिथला जास्तीत जास्त प्रवाह होता १.३. मार्जिन आहे, टाका पाण्यात.

टाकला. पहिल्याच मोठ्या प्रवाहात वरचा क्लॅम्प गुणगुणायला लागला, हात लावला तर बोटं बधिर, आणि काही दिवसांत वेल्डच्या कडेला केसासारखी भेग. आता परत हिशोब करा. पाईप मीटरला ४.१५ किलो, बाहेरचं पाणी १.८, आत भरलेलं १.३. एकूण जवळपास ७.३ किलो. वजन १.७६ पट म्हणजे फ्रिक्वेन्सी त्याच्या वर्गमुळाने, १.३३ ने खाली. ७ चे झाले ५.३ हर्ट्झ. आणि त्याला लागणारा प्रवाह १.२७ मीटर. बरोब्बर तिथलाच! आम्ही ज्याला मार्जिन म्हणत होतो ते हवेत होतं, शब्दशः.

आणि एवढ्यावर थांबत नाही. भोवरे आणि पाईप एकमेकांच्या जवळ आले की भोवरे आपला ठेका सोडून पाईपाचा ठेका धरतात, लॉक-इन म्हणतात त्याला, त्यामुळे १.२७ ला नेमकं नाही तर साधारण १ मीटरपासूनच आडवं हलणं सुरू होतं. आणि पाण्यात अजून एक भानगड, प्रवाहाच्या दिशेने पुढेमागे हलणं तर याहून कितीतरी कमी वेगाला सुरू होतं. हवेत ते फारसं जाणवत नाही म्हणून बरेच जण विसरतात. जपानच्या मोंजू रिॲक्टरमध्ये ८ डिसेंबर १९९५ ला जी सोडियमची गळती झाली ती अशाच पुढेमागे हलण्याने, पाईपात घुसवलेली थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) नळी वाहत्या द्रव सोडियमने थरथरून जिथे तिचा व्यास एकदम कमी होत होता त्या पायरीवर फटिगने, म्हणजे परत परत वाकून, तुटली. रिॲक्टर परत चालू व्हायला २०१० उजाडलं. एवढीशी नळी. म्हणून कुठलीही नळी प्रवाहात उभी करायची तर व्यास एकदम बदलणारी पायरी ठेवूच नका, निमुळती करा किंवा निदान कोपऱ्याला चांगली त्रिज्या द्या.

आमच्या पाईपाला दोन गोष्टी केल्या. लांबी अडीचवरून दोन मीटर केली. फ्रिक्वेन्सी लांबीच्या वर्गाने बदलते, त्यामुळे अर्धा मीटर कापल्यावर हिशोबाने ८.२ हर्ट्झ आली, जागेवर मोजली तर साडेसात, कारण कागदावरचा क्लॅम्प पक्का असतो आणि खरा क्लॅम्प थोडा तरी देतोच. ही तफावत नेहमी खालच्याच बाजूला असते, लक्षात ठेवा. आडव्या हलण्यातून सुटलो, पण पुढेमागेच्या टप्प्यात अजून होतो, म्हणून पाईपावर तीन दोर स्क्रूच्या आट्यांसारखे गुंडाळले. यामागे खरी गोष्ट आहे, उंच चिमण्यांवर स्क्रूसारख्या पट्ट्या दिसतात ना, त्या १९५० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्क्रूटन आणि वॉल्श यांनी काढल्या. काम एवढंच की भोवरे सगळ्या लांबीवर एकाच वेळी एका ठेक्यात सुटू नयेत. चिमणीला पट्टीची उंची व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी आणि पिच (एका आट्याची लांबी) व्यासाच्या पाचपट पुरतो, पाण्यात मात्र उंची पाव व्यास आणि पिच साधारण १५ पट ठेवतात. आमच्या ४८ मिमीला १२ मिमीचा दोर आणि पाऊण मीटरच्या आतबाहेर एक आटा. तिन्ही दोर समान अंतरावर सुरू करायचे, दर आट्याला क्लिपने पकडायचे, नाहीतर घसरून एका जागी गोळा होतात आणि मग असून नसल्यासारखे. याची किंमत म्हणजे पाण्याचा ओढ वाढतो, क्लॅम्पवर लोड जास्त येतो, तो वेगळा तपासा.

उपाय कुठला निवडायचा

आकडा हातात आल्यावर रस्ते मोजकेच आहेत आणि माझ्या मते क्रम असा असावा: ढकलणारा कमी करा, मग फ्रिक्वेन्सी सरकवा, मग तोडा म्हणजे आयसोलेट करा, मग डॅम्पिंग, आणि सगळ्यात शेवटी इलेक्ट्रॉनिक्स. क्रेन आणि रोबोटला मात्र हा क्रम नाही, तिथे आधी चालवण्याची पद्धत बदला, त्यावर खाली येतो.

फ्रिक्वेन्सी सरकवताना स्टिफनेस वाढवायचा की वजन, हे आधी ठरवा. वजन वाढवलं तर आकडा खाली येतो, स्टिफनेसने वर जातो, आणि जाड प्लेट मारली की दोन्ही वाढतात म्हणून बरेचदा काहीच होत नाही. अँगल मारायचाच तर जिथे सगळ्यात जास्त हलतंय तिथून हलत नसलेल्या जागेपर्यंत मारा. हलणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या तर दोघी मिळून हलतात, बस्स. मशीन व्हीएफडीवर असेल तर काहीच न कापता स्किप फ्रिक्वेन्सी नावाचं सेटिंग वापरा, वाईट स्पीडचा पट्टा ड्राइव्ह थांबून न राहता ओलांडतो. एवढा सोपा उपाय लोक का करत नाहीत मला कळत नाही, मॅन्युअलमध्ये असतो तो.

आयसोलेशन, म्हणजे रबरी माउंट किंवा स्प्रिंग. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे कडक रबर. १५०० आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झ, माउंट ४ मिमी दबत असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी ८, आणि खाली साधारण ११ टक्केच जातं. पण अर्धा मिमी दबणारं कडक रबर घातलं तर त्याची फ्रिक्वेन्सी २२ च्या वर, २५ च्या अगदी शेजारी, म्हणजे आपण पैसे देऊन रेझोनन्स बसवला. माउंटच्या फ्रिक्वेन्सीच्या १.४ पटीच्या पुढेच फायदा सुरू होतो, निदान तिप्पट तरी ठेवा. आणि मशीन माउंटवर घेतलं की पाईप, केबल, डक्ट सगळ्यांना लवचिक तुकडा हवा, नाहीतर मशीन गादीवर आणि पाईप भिंतीला कडक, हादरे पाईपातून मजेत जातात.

डॅम्पिंगसाठी पातळ पत्र्याला चिकट व्हिस्कोइलॅस्टिक थर आणि त्यावर दुसरा पातळ पत्रा, असं सँडविच भारी काम करतं कारण वाकताना मधला थर घसरतो. नुसता रबरी थर वर चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. लावायचा कुठे, तर जिथे वाकणं जास्त तिथे, म्हणजे कँटिलिव्हरला (एकच टोक पकडलेल्या वस्तूला) मुळाशी. टोकाला हलणं दिसतं म्हणून टोकाला लावतात, तिथे तो शोभेला राहतो. आणि हे मटेरियल तापमान बघून घ्या, थंड पाण्यात कडक होऊन बसणारं काही कामाचं नाही.

ट्यून्ड मास डॅम्पर म्हणजे वस्तूवर टांगलेलं एक छोटं वजन, स्प्रिंग आणि डॅम्पर. तैपेई १०१ मध्ये ६६० टनांचा गोळा टांगलाय तो हाच. आपल्या कामाला हलणाऱ्या वस्तूच्या वजनाच्या ५ टक्के पुरतं. डेन हार्टोग या इंजिनिअरच्या सूत्राप्रमाणे छोट्या वजनाची फ्रिक्वेन्सी मूळच्या ०.९५ पट आणि त्याचं स्वतःचं डॅम्पिंग १३ टक्क्यांच्या आसपास ठेवा. ट्यूनिंग चुकलं तर फायदा धाडकन पडतो, म्हणून वजन पुढेमागे सरकवता येईल असंच बनवा. पाण्यात वापरायचा तर सील केलेल्या नळीत, नाहीतर डॅम्परलाच ॲडेड मास लागतो आणि बाहेर केलेलं ट्यूनिंग आत गेल्यावर वाया.

चालवण्याची पद्धत बदला

मला स्वतःला हा सगळ्यात आवडता उपाय, कारण पाना लागत नाही. क्रेनच्या दोराला माल आहे, चालू केलं की झुलतो, थांबवलं की परत झुलतो. दोराची लांबी तो वर जिथून लटकतो तिथपासून मालाच्या मध्यापर्यंत धरून मोजा, मीटरमध्ये. एका पूर्ण झोक्याला लागणारे सेकंद म्हणजे लांबीच्या वर्गमुळाच्या दुप्पट, जवळजवळ नेमकं. ९ मीटरला ६ सेकंद. अर्धा झोका ३ सेकंद. आता फुल स्पीड एकदम देऊ नका. आधी निम्मा स्पीड द्या, बरोबर ३ सेकंद थांबा, मग फुल. थांबवताना पण तसंच, फुलवरून निम्मा, ३ सेकंद, मग शून्य. पहिल्या झटक्याने जो झोका सुरू झाला तो दुसरा झटका बरोबर उलटा येऊन मारतो आणि माल दोराखाली गुपचूप सरळ चालतो. पहिल्यांदा बघताना जादू वाटते.

याला इनपुट शेपिंग म्हणतात. मूळ कल्पना ओ. जे. एम. स्मिथ यांनी १९५७ मध्ये मांडली, १९९० मध्ये एमआयटीच्या सिंगर आणि सीअरिंग यांनी ती फ्रिक्वेन्सी थोडी चुकली तरी चालेल अशी केली. थ्रीडी प्रिंटरवर क्लिपर फर्मवेअरमध्ये हेच असतं, छोटा ॲक्सेलरोमीटर लावून फ्रिक्वेन्सी मोजतात आणि कडेला येणाऱ्या लाटा गायब.

पाण्यात माल उतरवताना तोच ठोकताळा वापरला तर फसता. पाण्यात माल हलका होतो म्हणून त्याला परत मध्ये ओढणारा जोर कमी, आणि ॲडेड मासने हलवायचं ओझं जास्त, दोन्हीने झोका मंदावतो. स्टीलचा भरीव गोळा असेल तर झोक्याचा वेळ १० टक्केच वाढतो, पण काँक्रीटचा असेल तर ४४ टक्के. म्हणजे ९ मीटरला ३ सेकंद नाही तर ४.३ थांबायचं. चौकोनी चपट्या वस्तूंना याहून जास्त. त्यामुळे आत गेल्यावर एकदा मुद्दाम थोडा झुलवा, स्टॉपवॉच लावा, दहा झोके मोजण्याची गरज नाही कारण पाण्यात तो तोवर थांबलेला असतो, दोन-तीन मोजा आणि त्याच आकड्याने चालवा. पाण्याखाली रोबोट आर्म किंवा अणुभट्टीच्या इंधनाच्या लांब कांड्या सरकवणारं यंत्र असेल तरी हेच, वेळ पाण्यातली घ्या. एवढंच की सतत प्रवाह असेल तर माल तिरका ओढलेला राहतो, ते शेपिंगने जात नाही.

ॲक्टिव्ह कंट्रोलबद्दल थोडक्यात. सेन्सर, कंट्रोलर आणि मोटर किंवा पायझो लावून उलटा फोर्स द्यायचा, ऐकायला छान, पण सेन्सर आणि ॲक्च्युएटर एकाच जागी ठेवा, नाहीतर जो मोड (हलण्याचा प्रकार) तुम्ही हिशोबात धरलाच नाही तोच पेटतो. साध्या सर्व्होला नॉच फिल्टर (एकच ठरावीक फ्रिक्वेन्सी गाळणारा) लावून बघा आधी. आणि तो नॉच हवेतल्या फ्रिक्वेन्सीवर ठेवून आर्म पाण्यात घातलात तर आगीतून फुफाट्यात.

पाण्याखालच्या उरलेल्या गोष्टी

केबल. १० मिमीची केबल सेकंदाला अर्धा मीटर प्रवाहातही १० हर्ट्झला गुणगुणते आणि टोकाला हायड्रोफोन (पाण्यातला माइक) असेल तर त्याला आजूबाजूचं काही ऐकू येत नाही, फक्त स्वतःची केबल. केसाळ फेअरिंगवाली (बाहेरून धाग्यांची झालर असलेली) केबल मिळते ती वापरा, किंवा हायड्रोफोनच्या वर इलॅस्टिक तुकडा टाका.

प्रोपेलर असेल तर आरपीएम भागिले ६० गुणिले पात्यांची संख्या, हा आकडा जहाजाच्या बॉडीच्या, शाफ्टच्या, कशाच्याही फ्रिक्वेन्सीजवळ नको. ३०० आरपीएम आणि चार पाती म्हणजे २० हर्ट्झ. जवळ असेल तर पात्यांची संख्या बदलणं हा बरेचदा स्टील कापण्यापेक्षा स्वस्त उपाय.

उभ्या पंपाला वरची मोटर एखाद्या काठीवरच्या दगडासारखी झुलते, तिची फ्रिक्वेन्सी मोजताना पंपात पाणी भरलेलं, पाईप जोडलेले, बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळलेले हवेत, नाहीतर मोजलेलं फुकट. आणि दोन दिशांना वेगवेगळी मोजा, कारण डिस्चार्ज पाईपाच्या दिशेने आणि त्याच्या आडवी कधीच सारखी नसते.

आणि शेवाळ, शिंपले. आमचा पाईप तीन-चार महिन्यांनी वर काढला तेव्हा दोर कुठे आहेत ते बोटाने चाचपून शोधावं लागलं, सगळं शिंपल्यांखाली गेलं होतं, व्यास वाढलेला, वजन वाढलेलं. पाण्यातून काढायच्या आधी टोला मारून मोजलं होतं तर साडेसातचे साडेसहा झालेले. त्या दिवसापासून क्लॅम्पवर ऑइल पेंटने तारीख आणि हर्ट्झ लिहितो, आणि आकडा ७ च्या खाली गेला की पाईप वर आणून खरवडतो.